पाटी रंगवा, पण वही जाळू नका

मदनपुऱ्यातील एका शिलाई कारखान्यात आम्ही अलीकडे गेलो असता कोपऱ्यात टी-शर्टांचे गठ्ठे रचून ठेवलेले दिसले. छातीवर लालबाग-परळकडील एका रनिंग क्लबचे नाव, पाठीवर दौडीची तारीख. तारीख केव्हाच उलटून गेलेली. कापड चांगले, शिलाई पक्की, छपाई स्वच्छ. मग माल पडून का? कारखानदाराने सांगितलेली हकीगत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे.

हा क्लब दरवर्षी एक दौड भरवतो. भाग घेणाऱ्यांची नावे क्लबच्या वेबसाइटवर नोंदली जातात. जुन्या वेबसाइटच्या फॉर्मात टी-शर्टच्या मापाचा एक रकाना होता. नोंदणी संपली की क्लबचे चिटणीस त्या यादीचा कागद कारखान्यात आणून देत. लहान किती, मध्यम किती, मोठे किती, बायकांचे किती, मुलांचे किती, सारे त्यात असे. त्याप्रमाणे कटिंग होई आणि शेवटी पाच-दहा नगांपलीकडे काही उरत नसे.

पुढे क्लबने वेबसाइट नवी करून घेतली. मोठमोठी छायाचित्रे आली, पहिल्याच पानावर हलते चित्र आले, रंग बदलले. फॉर्म 'सुटसुटीत' करण्याच्या नादात मापाचा रकाना तेवढा गळाला. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा दौडीला जेमतेम दोन आठवडे उरले होते. चिटणीस धावत कारखान्यात आले. म्हणाले, "मास्टर, गेल्या वर्षीच्या हिशेबाने कापा." मास्टर म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षीचा कागद द्या." कागद कोठून देणार? जुनी वेबसाइट पुसून टाकलेली होती आणि यादी तिच्याबरोबरच गेली होती. अखेर अंदाजाने कटिंग झाले. दौडीच्या दिवशी बायका आणि मुले अंगात न बसणारे टी-शर्ट हातात घेऊन उभी राहिली आणि मोठ्या मापाचे गठ्ठे तसेच परत आले. क्लबने वाटलेल्या नगांचे पैसे चुकते केले. उरलेला माल कोपऱ्यात पडला. नाव आणि तारीख छापलेला टी-शर्ट दुसरा कोण घेणार?

वेबसाइटवरचा एक रकाना गळाला आणि नुकसान कोणाच्या घरी आले? ज्याने ती वेबसाइट आयुष्यात कधी उघडूनही पाहिली नव्हती, त्याच्या घरी! म्हणूनच हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

धावणाऱ्यांचा बाजार

धावणे हा श्रीमंतांचा शौक आहे, आपल्या धंद्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्याने एखाद्या रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर किंवा दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी उभे राहून पाहावे. १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मुंबई मॅरेथॉन झाली आणि या शहरात धावण्याचे वेड घरोघर पोहोचले. मुंबई रोड रनर्ससारख्या संघटनेची वांद्र्यापासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंतची मासिक दौड शहरातल्या धावपटूंना परिचित आहे. याशिवाय गिरगाव, परळ, लालबाग या भागांत पाच-पन्नास सभासदांचे छोटे गट आहेत. त्यांत बँकेतला कारकून आहे, शाळेतली शिक्षिका आहे, गिरणी कामगाराचा मुलगा आहे.

या प्रत्येक दौडीमागे किती हातांना काम मिळते ते पाहा. टी-शर्टचे कापड विकणारा, शिवणारा, पॉलिएस्टरवर उष्णतेने रंग उतरवणारा, छातीवरचे क्रमांक छापणारा, पदके ओतणारा, त्यांच्या फिती विणणारा, बॅनरवाला, मंडपवाला, पिशव्या शिवणारा. यांतले बरेच व्यवसाय आपल्या लोकांच्या हातात आहेत. या साऱ्यांना कामाचा आकडा कोठून मिळतो? क्लबच्या नोंदणीतून. म्हणजे क्लबची वेबसाइट ही केवळ धावपटूंची करमणूक नव्हे. ती कारागिराची मागणीवहीही आहे.

शटरवरची चिठ्ठी

वेबसाइट नवी करणे यात गैर काही नाही. दुकानाला रंग द्यावाच लागतो. जुनी पाने मोबाइलवर नीट दिसत नसतील, अक्षरे बारीक असतील, तर ती बदललीच पाहिजेत. आमचा आक्षेप नव्या रंगाला नाही. रंग देताना वही जाळण्याला आहे.

भेंडीबाजाराचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा अनेक दुकाने तात्पुरत्या जागी हलवावी लागली. अशा वेळी शहाणा दुकानदार काय करतो? जुन्या शटरवर चिठ्ठी लावतो, 'दुकान अमुक इमारतीत हलवले आहे.' वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक ती चिठ्ठी वाचून नव्या जागी येते. वेबसाइटचेही असेच आहे. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता कोणी वहीत लिहून ठेवलेला असतो, कोणी मित्राला पाठवलेला असतो, गुगलने आपल्या यादीत घेतलेला असतो. नवी वेबसाइट करताना जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेण्याची सोय करता येते. छोट्या क्लबच्या मानाने हे थोडक्या वेळाचे काम आहे. ते न केल्यास येणाऱ्याला 'पान सापडत नाही' एवढेच दिसते आणि तो माघारी जातो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले की चांगले पत्ते बदलत नसतात. आज इतक्या वर्षांनीही ही साधी गोष्ट आपल्याकडे पाळली जात नाही.

त्या क्लबच्या जुन्या पानांवर दरवर्षीचे निकाल होते. कोणी किती वेळात दौड पुरी केली, याची नोंद होती. साठी उलटलेल्या एका सभासदाने आम्हाला सांगितले, "माझं नाव छापून आलेली तेवढी एकच जागा होती हो." पैशांत मोजता न येणारे असे नुकसान मागाहून भरून निघत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावे लागते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांत मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टाइप होत असे. एका फॉन्टमधले अक्षर दुसऱ्यात उघडले की इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसे. युनिकोड रुळल्यावर हा त्रास संपला. परंतु जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा लागतो. नवी वेबसाइट करणारा तरुण 'हे वाचताच येत नाही' म्हणून तो सरळ पुसून टाकतो. कचरा दिसला म्हणून तो कचरा असतोच असे नाही.

किल्ली कोणाच्या खिशात?

दुसरा मुद्दा मालकीचा. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून नोंदवावे लागते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. पुष्कळ ठिकाणी हे नाव क्लबच्या किंवा दुकानाच्या नावे नसते. ज्याने वेबसाइट बनवली त्याच्या नावे असते. त्याच्याशी बिनसले, तो दुसऱ्या गावी गेला, किंवा नूतनीकरण करायला विसरला, की आपली पाटी गेली. मुदतीनंतर नाव मोकळे झाले म्हणजे ते दुसरा कोणीही घेऊ शकतो.

आपल्या दुकानाचा गाळा आपण रंगाऱ्याच्या नावे करून देतो काय? मग वेबसाइट का द्यावी? बनवणारा वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु व्यवहार हा व्यवहार असतो. डोमेन संस्थेच्या नावे हवे, त्याचा पासवर्ड अध्यक्ष व चिटणीस या दोघांपाशी हवा, आणि साऱ्या मजकुराची एक प्रत आपल्या कपाटात हवी. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती असेल तर ती अमानत आहे, ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको. वेबसाइट बनवण्याचा धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाइकाची किल्ली दाबून ठेवून धंदा टिकत नाही.

सभासदांची माहितीही अमानतच आहे. दौडीच्या फॉर्मात वय, रक्तगट, घरच्यांचा फोन नंबर असे सारे मागतात. त्यातले जरूर तेवढेच मागावे आणि जपून ठेवावे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. नव्या वेबसाइटची चाचणी घेताना सभासदांची यादी सर्वांना दिसेल अशी उघडी राहिल्याचे एक उदाहरण आम्ही स्वतः पाहिले आहे. त्यात मुलींचे फोन नंबर होते. एवढे सांगितले तरी पुरे.

पहाटे साडेचारचे गिऱ्हाईक

मग वेबसाइटवर प्रथम काय असावे? आमचे उत्तर सोपे आहे. पहाटे साडेचार वाजता अंधारात स्टेशनवर उभा राहून मोबाइल उघडणाऱ्या माणसाला जे हवे ते. दौड किती वाजता, कोठून, पोहोचायचे कसे, सामान कोठे ठेवायचे, फोन कोणाला करायचा. हलत्या चित्रात त्याचा डेटा आणि वेळ घालवू नये.

मुंबईत ही माहिती एकदा लिहून भागत नाही. परळ मध्य रेल्वेवर, लोअर परळ पश्चिम रेल्वेवर. नवखा माणूस चुकतोच. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी वाहतुकीला बंद झाला आणि परळ-प्रभादेवी भागातल्या सवयीच्या वाटा मोडल्या. अशा वेळी पानावरची एक ओळ बदलण्यासाठी दर खेपेस बनवणाऱ्याला शोधत फिरावे लागत असेल, तर ती वेबसाइट कितीही देखणी असो, ती क्लबच्या कामाची नाही. चिटणिसाला स्वतःच्या मोबाइलवरून ती ओळ बदलता आली पाहिजे. आणि ती ओळ मराठीतही असली पाहिजे. लालबागच्या क्लबची माहिती केवळ इंग्रजीत का असावी, याचे उत्तर आम्हाला अजून कोणी दिलेले नाही.

कोणी म्हणतात, वेबसाइट हवीच कशाला, व्हॉट्सअॅपचा ग्रुप पुरतो. निरोपासाठी पुरतो, हे खरे. परंतु ग्रुपवरचा निरोप दुपारपर्यंत शुभेच्छांच्या पुरात वाहून जातो. वर्षाने तो शोधू पाहाल तर सापडत नाही, आणि ग्रुपबाहेरच्या माणसाला तर तो दिसतच नाही. चौकात ओरडून सांगणे वेगळे आणि वहीत लिहिणे वेगळे. धंद्याला दोन्ही लागते.

आमचे म्हणणे

क्लबांना आमची सूचना आहे. वेबसाइट नवी करायला देण्यापूर्वी एक बैठक घ्या आणि तिच्यावर ज्यांचे काम अडते त्यांना बोलवा. शिवणारा मास्टर, छपाईवाला, क्रमांक वाटणारा कार्यकर्ता, एखादा जुना सभासद, एखादी धावणारी भगिनी. जुन्या वेबसाइटवरून तुम्ही काय घेता, एवढेच प्रत्येकाला विचारा आणि लिहून काढा. त्या यादीतली एकही गोष्ट नव्या वेबसाइटमध्ये गळता कामा नये. ही बैठक झाली असती तर मापाचा रकाना गळाला नसता.

कारागीर बांधवांनाही सांगणे आहे. तोंडी आकड्यावर कात्री चालवू नका. माप आणि नग लिहिलेल्या कागदावर सही घ्या, बयाणा घ्या, आणि उरलेल्या मालाची जबाबदारी कोणाची हे त्याच कागदावर लिहा. क्लबची वेबसाइट बदलणार असे कानावर आले तर ती स्वतः उघडून पाहा, मुलाला पाहायला सांगा. आणि स्वतःच्या दुकानाची वेबसाइट असेल तर आजच विचारा, डोमेन कोणाच्या नावे आहे?

राहता राहिले मदनपुऱ्यातले गठ्ठे. क्लबने वाटलेल्या नगांचेच पैसे दिले, यात कायद्याने काही चूक निघेल की नाही ते वकील जाणोत. परंतु रकाना मास्टरने गाळला नव्हता आणि यादीही त्याने पुसली नव्हती. आकडा क्लबने तोंडी दिला, कापड मास्टरने कापले. उरलेल्या मालाचे पैसे क्लबने द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या वेबसाइटवर जेवढा खर्च झाला त्याच्या मानाने ती रक्कम मोठी नाही, आणि पुढच्या वर्षी टी-शर्ट शिवून घ्यायला क्लबला त्याच दारी यायचे आहे.