दारचे तोरण घरच्या फुलांचे असावे

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या खेड्यांतून अलीकडे एक विसंगत दृश्य आढळते. ज्याच्या शेतात झेंडू फुललेला असतो, त्याच्याच घराच्या चौकटीवर प्लॅस्टिकच्या फुलांची विकत आणलेली माळ लोंबत असते. आणि भाव पडला म्हणून त्याचा झेंडू बाजाराच्या वाटेवर टाकला जातो. ‘एकदा घेतली की चार वर्षे पुरते’, असे या माळेचे समर्थन केले जाते. परंतु उन्हाने ती विटते, मग उकिरड्यावर पडते, शेणखताबरोबर शेतात जाते आणि तेथे कुजत नाही. तिचे तुकडे गुरांच्या पोटात गेल्यास काय होते, हे पशुपालकांना सांगावयास नको. सजावटीसाठी प्लॅस्टिक व थर्मोकोल वापरण्यास महाराष्ट्रात २०१८ साली बंदी घालण्यात आली. पण दारावर काय बांधावे हे अखेर घरातील माणसेच ठरवितात.

झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. येथे तो असा रुजला की त्याच्यावाचून आपला सण साजरा होत नाही. त्याच्या मुळांतील द्रव्यामुळे पिकांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो. टोमॅटोच्या ओळींमधून तो लावल्यास फळे पोखरणाऱ्या अळीचे मादी पतंग अंडी घालण्यासाठी त्याच्याकडे वळतात. भाजीचे रक्षण होते आणि तोरणही घरचे मिळते. ज्यांना विक्रीसाठी झेंडू करावयाचा असेल त्यांनी मात्र सर्व रोपे एकाच आठवड्यात लावू नयेत. सर्वांचा माल ऐन दसऱ्याला बाजारात लोटतो, तेथेच भाव बुडतो. लागणीत पंधरा दिवसांचे अंतर ठेवल्यास दिवाळीही साधता येते.

आंब्याच्या डहाळ्यांविषयी आमचे मत जरा कठोर आहे. आंब्याला मोहोर येतो तो पक्व झालेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर. तोरणासाठी जो बाहेरचे शेंडे मोडतो, तो येणारा मोहोरच मोडीत असतो. झाडाच्या आतील, सावलीतल्या फांद्यांची जून पाने खुडावीत. तोरणास तीच पुरेशी होतात. आपट्याची स्थिती याहून वाईट. ‘सोने’ म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, आणि ओळख नसल्याने पुष्कळदा कांचनावरच कोयता चालतो. पाने मोजकी तोडावीत, आणि पावसाळ्यात बांधावर आपट्याचे एखादे रोप लावावे.

गावकार्यकर्त्यांनी या कामाची सुरुवात ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून व शाळेपासून करावी. तेथेच प्लॅस्टिकची माळ लोंबत असेल तर इतरांस उपदेश कोणत्या तोंडाने करणार? दिवाळीत सारवलेल्या अंगणातील रांगोळी, मातीच्या पणत्या, कामट्यांचा व कागदाचा आकाशकंदील हे मुलांकडून करून घेता येईल. उतरवलेली फुले नदीत न टाकता खतखड्ड्यात घालावीत. माळ नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली असेल तर तो आधी उपसून काढावा लागतो; म्हणून ओवतानाच सुती दोरा अथवा केळीच्या सोपाचा दोर वापरावा.