नाव कुणाचं छापायचं?

दिवाळी अंकासाठी छायाचित्रं मागवली की बंजाऱ्यांच्या तीर्थक्षेत्राची, वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीची, हमखास येतात. रामनवमीची यात्रा, नगारा, फेटिया-कांचळी घातलेली, कोपरापर्यंत बलिया (बांगड्या) ल्यालेली एखादी याडी, म्हणजे आई. फोटो देखणा असतो. खाली ओळ असते, ‘पारंपरिक वेशातील बंजारा स्त्री’. छायाचित्रकाराचं नाव मात्र पूर्ण, मोबाइल क्रमांकासकट.

सवय जुनी आहे. १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड काढले. त्यात माणसांचे फोटो आणि सोबत त्यांच्या जातीजमातीच्या स्वभावावर शेरे. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे बंजाऱ्यांनाही चिकटला. तो १९५२ साली सुटला. फोटोखालची ती ओळ काही सुटली नाही.

वेगळी वाट दिसली ती आजच्या पालघर जिल्ह्यात. २०१३ मध्ये छायाचित्रकार गौरी गिल डहाणूजवळच्या गंजाडला वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. गंजाड म्हणजे वारली चित्रकलेतले ज्येष्ठ जिव्या सोमा मशे यांचं गाव. वांगड जागा दाखवत, तिथं काय काय घडलं ते सांगत. फोटो हाती आले तेव्हा सांगितलेलं त्यात कुठंच नव्हतं; नुसती झाडं, टेकाडं, मोकळं रान. मग त्या कृष्णधवल फोटोंवरच वांगडांनी शाईने वारली चित्रं काढली. रानात पुन्हा देव आले, माणसं आली, उजाड झालेलं जंगलही आलं. ‘फील्ड्स ऑफ साइट’ नावाचं हे काम दोघांच्या नावावर आहे.

गिल यांनी पुढे जव्हारकडे बोहाडा या मुखवटानाट्याच्या उत्सवाचे मुखवटे करणाऱ्या सुभाष आणि भगवान कडू या बंधूंना नवे मुखवटे करायला सांगितलं. देव-राक्षसांचे नव्हेत, रोजच्या जगण्यातले. गावकऱ्यांनी ते चढवले आणि आपलेच प्रसंग उभे केले. २०१७च्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात ते फोटो लागले. आमच्या मते गंजाडचं काम अधिक धीट. तिथं दुसऱ्याचा हात थेट फोटोवर फिरला आहे.

वाशीमला हे का नको? पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं, चांगलंच झालं. पण तांड्यावरच्या पोरींच्याच हाती कॅमेरा दिला, तर त्या काय टिपतील? काळी अमासच्या, म्हणजे दिवाळीतल्या अमावास्येच्या, रात्री दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागत फिरणं टिपतील, यात शंका नाही. कदाचित त्यानंतरचंही टिपतील: ऊसतोडीला निघालेला ट्रक, त्यावर चढवलेली भांडी, गोधड्या, कोयते, आणि नातवंडांना घेऊन मागं राहिलेली तीच याडी, फेटियाऐवजी साध्या लुगड्यात. असा फोटो आजवर आमच्याकडे कुणी पाठवलेला नाही. आम्हीही कधी मागितला नाही म्हणा.

म्हणून या अंकात यात्रेचं एकही छायाचित्र नाही. पुढच्या वर्षी तांड्यावरचे फोटो घेऊ, ते असे: काय टिपायचं हे फोटोतल्या माणसासोबत बसून ठरलेलं असावं, ओळ त्याने सांगितलेली असावी, गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, असली तर गोरमाटीतच. त्याची हरकत नसेल तर दोघांची नावं सारख्याच टाइपात छापू. मानधन निम्मं-निम्मं. छापील अंकाच्या दोन प्रती तांड्यावर पोचवायची जबाबदारी आमची. फोटो गणेशोत्सवापूर्वी यावेत.