ट्रकचा कर आणि आपली तूरडाळ

मंडळाच्या कार्यक्रमात दोन मराठी माणसे भेटली की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: "ट्रकवर कर लावला, आता डाळ-तांदूळ महागणार!" काळजी समजते, पण माझ्या मते हा कर रास्त आहे.

नेदरलँड्समध्ये १९९६ पासून जड ट्रकसाठी युरोविन्येटची पद्धत होती. ठरावीक मुदतीचे शुल्क भरले की हवे तितके फिरा. म्हणजे रोज पाचशे किलोमीटर धावणारा आणि पन्नास धावणारा, दोघांना सारखाच भुर्दंड. जर्मनीने २००५ मध्ये आणि बेल्जियमने २०१६ मध्ये किलोमीटरप्रमाणे आकारणी सुरू केली. इथल्या सरकारने त्यासाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरवली. हा आकार ३५०० किलोंवरील मालट्रकसाठी आहे, तेव्हा केटरिंगची लहान व्हॅन असणाऱ्यांनी घाबरू नये.

ट्रकनेच का भरावे? कारण आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. २०१६ मध्ये खोरिंखेमजवळच्या मेरवेडे पुलाला भेगा सापडल्या, तेव्हा पूल बंद झाला तो ट्रकसाठी. मोटारी चालूच होत्या.

आता डाळीचा हिशेब करू. समजा, किलोमीटरला वीस सेंट पडले. रॉटरडॅम बंदरातून वीस टन माल शंभर किलोमीटर नेला, तर कर वीस युरो. ट्रक रिकामा परतला असे धरले तरी चाळीस. म्हणजे किलोमागे पाव सेंटही नाही! दुकानापर्यंतच्या लहान फेऱ्यांचा खर्च थोडा जास्त पडेल, पण कराचे नाव सांगून कोणी किलोमागे पन्नास सेंट वाढवले, तर वाचकहो, हिशेब जरूर विचारा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. या कराचे निव्वळ उत्पन्न वाहतूक व्यवसायालाच, स्वच्छ वाहनांसाठी परत द्यायचे ठरले आहे. हेतू चांगला आहे. पण विजेचा ट्रक डिझेलच्या ट्रकपेक्षा बराच महाग. अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम मोठी कंपनी उभी करते. एकाच ट्रकवर संसार चालवणाऱ्याने ती कोठून आणावी? त्याच्यासाठी वेगळा वाटा राखून ठेवावा, आणि जमा किती, खर्च किती, हे दरवर्षी सोप्या भाषेत जाहीर करावे. तेवढे झाले, तर पाव सेंट मी आनंदाने देईन.