दाशी चालते, मग सुकट का नाही?

बोईसर-पालघरची गँग सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून मुंबईतल्या मॉलमध्ये जाते, यात आता काही नवीन नाही. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि ते सोपं झालं. पिझ्झा-बर्गर जुने झाले. आता जपानी रेस्टॉरंटमधलं सेट लंच ट्राय करायचं, फोटो टाकायचा. बिल सहज हजाराच्या पुढे जातं, पण कॉन्ट्री काढली की जमतं.

जरूर जा. फक्त समोर आलेल्या ट्रेमध्ये काय आहे, ते नीट बघा.

या सेटला जपानीत ‘तेइशोकु’ म्हणतात. वाडगाभर भात, मिसो सूप, भाजलेला मासा किंवा तळलेलं चिकन, एखादी भाजी आणि थोडं लोणचं. जपानमध्ये हे ऑफिसवाल्यांचं आणि विद्यार्थ्यांचं रोजचं दुपारचं जेवण आहे. थोडक्यात, आपल्या स्टेशनबाहेरच्या खानावळीतली राइस प्लेट! वाढायची शिस्तही ठरलेली: भात डावीकडे, सूप उजवीकडे. आपली आजी नाही का, मीठ-लिंबू-चटणी ताटात डावीकडे आणि भाजी उजवीकडेच वाढत!

आता ते सूप. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. पण सूपचा पाया असतो दाशी. कोम्बू हे सुकवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचा अर्क उतरवलेलं पाणी म्हणजे दाशी. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरावर सुकवून लाकडासारखा टणक केलेला मासा. तो किसून वापरतात. शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या, नुसत्या कोम्बूची दाशीही असते. दाशीतल्या याच चवीला 1908 मध्ये किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञांनी ‘उमामी’ हे नाव दिलं. 2013 मध्ये जपानची पारंपरिक खाद्यसंस्कृती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

सुकी मासळी, तिची चव, वर भात. ओळखीचं वाटतंय ना? सातपाटीपासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा उन्हात सुकतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यांत आणि आदिवासी पाड्यांवर हीच मासळी ताटात येते. पण कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कुणी सुकटीचा डबा उघडला की काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी ‘ईऽऽ’ करतं, कुणी टेबल बदलतं. डबा उघडणारी मुलगी गपचूप झाकण लावते. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात बटाट्याची भाजी असते.

वास येतो, हे खरंच आहे. दाशीच्या मानाने सुकट उग्र असते, हेही मान्य. कुणी काय खावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण महागड्या ट्रेमधल्या सुक्या मासळीला आपण ‘ऑथेंटिक’ म्हणतो आणि मैत्रिणीच्या डब्यातल्या मासळीला ‘घाण’, तेव्हा प्रश्न नुसत्या वासाचा उरत नाही. ते अन्न कुणाच्या घरातून आलंय, यावर आपण त्याची किंमत ठरवतो. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी वेगळी टेबलं ठेवण्यावरून वाद झाला. आपल्या कॅन्टीनमध्ये असा नियम कुणी लिहिलेला नाही, तरी काही डबे कोपऱ्यातच उघडतात.

हे आपल्या जिल्ह्यासाठी साधं नाही. जून 2024 मध्ये केंद्राने वाढवण बंदराला मंजुरी दिली. आपली मासेमारी जाईल, या भीतीने मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. बंदराबद्दल तुमचं मत काहीही असो, ते ठरवण्याआधी या समुद्रातून काय येतं आणि त्यावर कोण जगतं, हे माहीत हवं. ज्या अन्नाची आपल्याला लाज वाटते, त्याबद्दल आपण असे प्रश्न विचारतच नाही.

म्हणून, शेजारी सुकटीचा डबा उघडला तर खात असाल तर घासभर मागा. खात नसाल तर आपला डबा खा, पण नाक दाबू नका. तुमच्याच घरी सुकट होत असेल तर बिनधास्त आणा. आणि यंदाच्या फेस्टला मोमोच्या स्टॉलशेजारी तांदळाची भाकरी आणि बोंबलाच्या चटणीचा एक स्टॉल लावून बघा.