दिल्लीचे धरण बर्फाचे आहे

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव या पट्ट्यात हवामानवेड्यांची एक जमात आहे. दिवाळी सरली की त्यांचा मोसम सुरू होतो. सफदरजंग वेधशाळेत किमान पारा किती उतरला, भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडून कधी पोहोचणार, शून्य अंशाची पातळी किती खाली येणार, हिमाचलातल्या कुफ्री-नारकंड्याच्या कॅमेऱ्यात रस्ता पांढरा दिसतो की काळा, हे सारे ते क्रिकेटच्या धावफलकासारखे पाहत असतात. मनाच्या तळाशी एक अशक्य इच्छा असते: एकदा तरी दिल्लीत बर्फ पडावा. ती पुरी होणार नाही हे त्यांनाही ठाऊक असते, म्हणून निदान मसुरीला पडो, शिमल्याला पडो, एवढ्यावर ते समाधान मानायला तयार असतात. अलीकडच्या काही हिवाळ्यांनी त्यांना तेवढेही धडपणे दिलेले नाही. नकाशावर दहा दिवस आधी दिसणारे निळे डाग ऐनवेळी विरून जातात आणि जानेवारी तसाच संपतो. बाकीची दिल्ली त्यांना हसते. रजईत शिरून गाजर हलवा खाणाऱ्या शहराला, हिवाळा वाया गेला म्हणून हळहळणारी माणसे विक्षिप्तच वाटणार. माझे म्हणणे असे, की या विक्षिप्तांची हळहळ हेच दिल्लीच्या हिवाळ्याचे खरे माप आहे. शहर ज्या पाऱ्यावर विसंबते, तो पारा त्याला फसवतो.

दिल्लीत बर्फ का पडत नाही, याचे उत्तर ‘तेवढी थंडी नसते’ असे सरधोपट दिले जाते. ते अर्धेच आहे. १६ जानेवारी १९३५ रोजी सफदरजंगला उणे ०.६ अंशाची नोंद झाली. बर्फ पडला नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी तिथे दिवसाचे कमाल तापमान ९.४ अंशांच्या वर गेले नाही, १९०१ पासूनच्या नोंदींत डिसेंबरातला इतका थंड दिवस नव्हता. तेव्हाही बर्फ नव्हता. अडचण अशी की दिल्लीत थंडी आणि पाणी एका दिवशी येत नाहीत. झंझावात येतो तेव्हा ढग दाटतात, ते जमिनीची ऊब धरून ठेवतात आणि रात्रीचा पारा उलट वर चढतो. तो पुढे सरकला की आकाश निवळते, वायव्येचे कोरडे वारे सुटतात, पारा घसरतो. पण तोवर ढग गेलेले असतात. शिवाय मसुरी आहे २,००० मीटरच्या आसपास आणि दिल्ली जेमतेम सव्वादोनशे मीटरवर. वर तयार झालेले हिमकण मधल्या हवेत वितळतात. दिल्लीत झंझावातासोबत येणारा हिवाळी पाऊस बहुतेक वेळा वाटेत वितळलेला बर्फच असतो. ७ फेब्रुवारी २०१९ ला नोएडाचे रस्ते पांढरे झाले आणि लोकांनी नोएडाचे शिमला झाले म्हणून छायाचित्रे फिरवली, त्या गारा होत्या. (मराठीत गोळेवाल्याचा बर्फ आणि रोहतांगचा बर्फ यांना एकच शब्द असल्याने आपणही हा घोळ सहज करतो. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडेही दरवर्षी महाबळेश्वरचे काश्मीर होतेच.)

आता पारा कसा फसवतो ते पाहू. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीतल्या दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी १७.७ अंश होती, तेरा वर्षांतली सर्वांत कमी. माणसे कुडकुडत होती, विमाने आणि गाड्या धुक्यात अडकत होत्या, शाळांच्या सुट्या लांबत होत्या. त्या महिन्यात कोणालाही विचारले असते तर त्याने ‘काय कडक हिवाळा आहे’ असेच सांगितले असते. त्याच महिन्यात गुलमर्गच्या उतारांवर तपकिरी गवत दिसत होते. वायव्य भारतात संपूर्ण जानेवारीत सरासरी ३.१ मिलिमीटर पाऊस-बर्फ झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत याहून कोरडा जानेवारी फक्त एक. या दोन गोष्टी वरवर एकमेकींच्या उलट वाटतात, पण त्या एकाच कारणाच्या आहेत. हवामान खात्याने तेव्हाच सांगितले होते की उत्तरेकडच्या गारठ्यामागे दाट धुके आहे आणि जोरदार झंझावातांचा अभाव आहे. झंझावात आले नाहीत म्हणून डोंगर कोरडे राहिले; झंझावात आले नाहीत म्हणून धुके हलले नाही, ऊन जमिनीपर्यंत पोहोचले नाही आणि दिल्ली गारठली. म्हणजे ज्या थंडीला शहर भरघोस हिवाळा समजत होते, ती नापिकीची थंडी होती. हे तेव्हा कोणाला कळत होते? बर्फाची वाट पाहत बसलेल्यांना. त्यांचे डोळे पाऱ्यावर नव्हते, झंझावातावर होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा बाकीच्या देशाला बातमी मिळाली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा मुद्दा दिल्लीकरापेक्षा लवकर पटेल, कारण आपल्याला साठा मोजायची सवय आहे. ऑगस्टमध्ये सोलापूरचा माणूस आज पाऊस किती झाला हे विचारण्याआधी उजनी किती टक्के भरली ते विचारतो. कोयनेत किती टीएमसी, जायकवाडीत किती, हे आकडे पानटपरीवर तोंडपाठ असतात. पुण्यात धो धो पाऊस पडला तरी खडकवासला साखळीच्या पाणलोटात पडला का, हा प्रश्न आपण विचारतोच. दिल्लीला हा प्रश्न विचारायची सवय नाही, कारण तिचे धरण दिसत नाही. ते तीनशे-चारशे किलोमीटरवर, यमुना, टोन्स, गिरी, भागीरथी आणि सतलजच्या वरच्या खोऱ्यांत, बर्फाच्या रूपाने पडलेले असते. दिल्लीचे पाणी यमुनेतून येते, मुनक कालव्यातून येते, मुरादनगरहून गंगेच्या कालव्यातून येते, आणि भाक्रा-बियासच्या पाण्यातही तिचा वाटा आहे. भाक्रा धरणात वर्षभरात येणाऱ्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्याचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याचे जलवैज्ञानिकांनी दाखवले आहे. म्हणजे नारकंड्याच्या कॅमेऱ्यात पांढरे काही दिसते का हे पाहणारा मुलगा जे करतो, ते आपल्याकडे उजनीची टक्केवारी पाहण्यासारखेच आहे. त्याला स्वतःला ते माहीत नसेलही.

यावर जाणकार म्हणतील की यमुना ही मुख्यतः पावसाळ्यावर चालणारी नदी आहे. तिचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरमध्ये वाहते, बर्फाचे एवढे काय कौतुक? आक्षेप बरोबर आहे आणि आकड्यांनी तो सिद्धही होतो. पण वर्षाचा हिशेब वेगळा आणि जूनचा वेगळा. दिल्लीला तहान लागते ती एप्रिल ते जून, म्हणजे पाऊस यायच्या आधी, आणि त्या तीन महिन्यांत वरून येणारे पाणी बर्फाचे आणि झऱ्यांचे असते. जून २०२४ मध्ये वजिराबादच्या बंधाऱ्यामागची पातळी घसरली, टँकरभोवती हाणामारीची वेळ आली आणि दिल्ली सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ जूनला न्यायालयाने हिमाचल प्रदेशला १३७ क्युसेक जादा पाणी सोडायला सांगितले. आठवडाभरात हिमाचलने कळवले की आपल्याकडे जादा पाणी नाही. जानेवारीतल्या कोरड्या डोंगराने जूनमधली टंचाई घडवली, असा सरळ दोर मी बांधणार नाही. त्यात हरियाणाशी जुना वाद आहे, गळक्या वाहिन्या आहेत, उष्णतेची लाट आहे. पण पाच महिने आधी हाती असलेली खूण कोणी वाचलीच नाही, हे खरेच. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसाने निदान विहिरीत पाणी आहे का, हे तरी आधी विचारायला हवे होते.

दुसरा आक्षेप: एका कोरड्या जानेवारीवरून एवढे का घाबरावे, बर्फाची वर्षे पूर्वीही मागेपुढे होत आली आहेत. होत आली आहेत, कबूल. म्हणूनच एका वर्षाकडे न पाहता सलग वर्षांकडे पाहावे. काठमांडूची इसिमोड ही संस्था हिंदुकुश-हिमालयातला बर्फ जमिनीवर किती काळ टिकतो याचा दरवर्षी ताळेबंद मांडते. २०२५ मध्ये तो सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी होता, २३ वर्षांतला सर्वांत कमी, आणि सरासरीहून कमी असलेले ते लागोपाठ तिसरे वर्ष होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत काश्मीरमधल्या अनंतनागजवळचा, मुघलांनी बाग लावलेला अच्छाबलचा झरा आटला.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. दिल्लीत एम्सच्या बाहेरच्या पदपथावर, उड्डाणपुलांखाली, रैनबसेऱ्यांच्या ताडपत्रीत हजारो माणसे रात्र काढतात. त्यांच्यासाठी थंडी म्हणजे मरण असू शकते. मग अशा शहरात थंडी पडो, बर्फ पडो म्हणणे ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? थंडीच्या लाटेचा आकडा खाली गेला म्हणून टाळ्या पिटणारे हवामानवेडे आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हा आरोप खरा आहे. पण बर्फाची वाट पाहणाऱ्याची इच्छा नीट तपासली तर ती मारक थंडीची नसते. मारक थंडी येते ती साचलेल्या धुक्याची, हलत नसलेल्या हवेची. तिच्याचबरोबर विषारी धूरही जमिनीलगत साचतो. बर्फ घेऊन येणारा झंझावात दिल्लीची रात्र काही अंशांनी उबदार करतो आणि पाऊस झालाच तर हवा धुऊन काढतो. तो गेल्यावरची एक-दोन रात्रींची बोचरी थंडी आणि पावसात भिजलेली गोधडी, हा त्याचा हिशेबही मांडायला हवा. तो मी नाकारत नाही. मात्र उघड्यावर झोपलेल्याला मारते ते छप्पर नसणे. उबदार हिवाळा हे काही घर नव्हे. आणि उबदार हिवाळ्याची किंमतही गरीबच मोजतो: मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, ओंबीत दाणा भरता भरता गहू होरपळला आणि १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली.

गव्हावरून आठवले. हिवाळ्यातल्या पावसाला आपण अवकाळी म्हणतो आणि निफाडचा द्राक्षबागायतदार त्या शब्दानेच धसकतो. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात त्याच पावसाला महावट म्हणतात आणि माघात तो आला की गहूवाला खूश होतो. बर्फाचेही तसेच. पर्यटकाला तो करमणूक वाटतो, रस्ता बंद झालेल्या गावाला आपत्ती, आणि कोटगढ-ठाणेधारच्या सफरचंदवाल्याला खत. झाडाला पुरेसे तास गारवा मिळाला नाही तर फुलोरा विस्कटतो, आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत त्याचा भाव कळतो. डोंगरातल्या माणसाला बर्फ नको असतो, ही दिल्लीत बसून केलेली समजूत आहे.

तेव्हा हवामानवेड्यांना हसण्याऐवजी त्यांची सवय सरकारने उचलावी. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्ली सरकारने आयआयटी कानपूरकडून विमानातून ढगांवर बीजफवारणी करून घेतली. हवेत ओलावाच नव्हता, पाऊस नावापुरता पडला. आकाशाकडे डोळे लावून इच्छा धरणे हा वेडेपणा असेल, तर हा त्याचा खर्चिक प्रकार म्हणावा लागेल. शहाणपणाचा प्रकार कॅलिफोर्नियात दिसतो. तिथे सिएरा नेवाडा पर्वतात ठरलेल्या जागी बर्फात नळी खुपसून त्यातले पाणी मोजतात. १ एप्रिल २०१५ रोजी राज्यपाल जेरी ब्राऊन फिलिप्स स्टेशन नावाच्या अशाच जागी उभे राहिले. एरवी छातीएवढा बर्फ असायचा तिथे गवत होते. त्याच दिवशी त्यांनी राज्यभरच्या शहरांत २५ टक्के पाणीकपातीचा आदेश काढला. न्यायालयात जायला लागले नाही, टँकरभोवती हाणामारी होण्याची वाटही पाहिली नाही. बर्फ किती क्षेत्रावर आहे हे उपग्रह सांगतो, पण त्यात पाणी किती आहे हे सांगायला डोंगरात माणूस लागतो. भुसभुशीत ताज्या बर्फाच्या दहा सेंटिमीटर थरात पाणी एखादा सेंटिमीटर निघते. आपल्याकडे उपग्रह आहेत, १८७५ पासूनचे हवामान खाते आहे, मनालीत हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची माणसे आहेत. केंद्रीय जल आयोग देशातल्या मोठ्या धरणांचे साठापत्रक दर गुरुवारी काढतो. त्या पत्रकात डिसेंबर ते मार्च एक रकाना वाढवावा, यमुना आणि सतलजच्या वरच्या खोऱ्यांतल्या बर्फातल्या पाण्याचा. दिल्लीच्या वृत्तपत्रांनी तो हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाशेजारी छापावा. आणि दिल्ली जल बोर्डाने उन्हाळ्याचे नियोजन १ एप्रिलच्या त्या आकड्यावरून करावे, जूनमधल्या याचिकेवरून नव्हे.