नाचता येईना, पिंग वाकडा!



आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री साडेनऊनंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द कोणता? 'अभ्यास' तर नक्कीच नाही! 'मेस'सुद्धा नाही. तो शब्द आहे 'लॅग'. बीजीएमआय असो, व्हॅलोरंट असो की काउंटर-स्ट्राइक, कोणी हरलं की कॉरिडॉरमधून आवाज येतोच, "अगं मी मारलं होतं तिला, पण लॅग झाला!" आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, "पळसदेवात नेट असंच असणार, पुण्याला असतो तर…"

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे लॅगला मराठीत काय म्हणावं यावर आमच्या रूममध्ये चर्चा झाली. एक म्हणाली 'विलंब', दुसरी म्हणाली 'दिरंगाई'. मला 'दिरंगाई' जास्त आवडला. कारण दिरंगाई म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, दिरंगाई कोणाची? आणि नेमका हाच प्रश्न आपण कोणी विचारत नाही.

सध्या हॉस्टेलमध्ये दोन मतं आहेत. आपण स्टुडंट्स म्हणतो, प्रत्येकाने वर्गणी काढू आणि जास्त स्पीडचा प्लॅन घेऊ. स्टाफपैकी काहींचं म्हणणं असं की गेम्समुळेच नेट जाम होतं, तेव्हा वाय-फायवर गेम्सच ब्लॉक करा. माझं स्पष्ट मत असं आहे की दोन्ही बाजूंनी निदान न करताच औषध ठरवलंय. डॉक्टर ताप न मोजता इंजेक्शन देत नाहीत. आणि आपण तर इंजिनिअर होणार आहोत!

आधी पळसदेवावरचा आरोप बघू. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक, दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. हायवेने पळसदेव ते मुंबई अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रकाशाला जाऊन-येऊन लागतात जेमतेम तीन मिलिसेकंद! केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर लागतात, हे सगळं धरलं तरी वीस-पंचवीसच्या आत काम व्हायला हवं. पुण्याला राहणाऱ्याला आपल्यापेक्षा फायदा किती, तर एक-दोन मिलिसेकंदांचा. एवढ्यासाठी गावाला नावं ठेवणं बरं नव्हे.

अंतराचा दोष खरा असतो तो सर्व्हर दूर असेल तेव्हा. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतरच सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे चाळीस मिलिसेकंद तर फिजिक्सच घेणार, ते कोणत्याही प्लॅनने कमी होत नाहीत. म्हणून गेममध्ये रिजन कोणतं निवडलंय ते आधी बघा. कधी कधी दोष खरंच समुद्रात असतो. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रडतखडत चालू लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हाही भारतात त्याचा त्रास जाणवला. पण असं रोज रात्री साडेनऊला होत नाही ना! रोज ठरलेल्या वेळी होणारी दिरंगाई बहुतेक वेळा आपल्या घरातली असते.

याचं एक गाजलेलं उदाहरण सांगते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले लॅब आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कले कॅम्पस यांच्यामधलं नेटवर्क अचानक बसलं. अंतर किती? फक्त ४०० यार्ड, म्हणजे आपल्या मेन गेटपासून मेसपर्यंत म्हणा ना! स्पीड सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. केबल तुटली नव्हती, मशीन जळलं नव्हतं. सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी डेटा ढकलत होते आणि अडलं की तोच डेटा पुन्हा ढकलत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्याच्या मुळाशी जाऊन १९८८ मध्ये गर्दी टाळण्याच्या पद्धतीवर पेपर लिहिला. तिसऱ्या वर्षाला आपण जे 'कंजेशन कंट्रोल' पाठ करतो, ते यातूनच आलेलं आहे. परीक्षेत सात मार्कांना लिहितो आणि रूममध्ये येऊन "नेट स्लो आहे यार" म्हणतो, ही खरी गंमत!

आता हे आपल्या भाषेत समजून घेऊ. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आपण सगळ्यांनी पाहिलीय. समजा त्या रांगेत एक मोटरसायकलवाला अडकला आणि त्याला बाजूने जायला जागाच नाही. त्याच्याकडे ओझं काहीच नाही, पण पुढच्या चाळीस ट्रॉल्या हलल्याशिवाय तो हलू शकत नाही. तुमच्या गेमचं पॅकेट म्हणजे तो मोटरसायकलवाला. आणि ट्रॉल्या? रात्री वाय-फायला जोडल्याबरोबर प्रत्येकाच्या मोबाईलमधून सुरू होणारा फोटोंचा बॅकअप, लॅपटॉपचे अपडेट, आणि हो, गेमचे स्वतःचे अपडेटसुद्धा! राउटरमध्ये पॅकेट साठवायला जागा जास्त असली की तो कोणालाच परत पाठवत नाही, रांग वाढवत राहतो. या दुखण्याला २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी 'बफरब्लोट' असं नाव दिलं. काटा एकच असेल तर त्याच्यापुढचा रस्ता चारपदरी करून काय उपयोग? रांग तीच, फक्त जास्त रुंद!

मग निदान करायचं कसं? यासाठी पैसे लागत नाहीत. फक्त क्रमाने जायचं.

पहिली गोष्ट, अडकतंय ते नेट की आपलंच मशीन? आपला कॅमेरा फिरवतानाच चित्र झटके देत असेल तर तो फ्रेम रेटचा प्रश्न आहे. मे महिन्यात इथल्या उकाड्यात मोबाईल चार्जिंगला लावून खेळलात तर तो तापून स्वतःच स्पीड कमी करणार. त्यात नेटचा काय दोष? पण आपण नीट फिरतोय आणि समोरचा मात्र इथून तिथे उड्या मारतोय, गोळी लागूनही मोजली जात नाही, असं असेल तर नेटवर्ककडे वळा.

दुसरी गोष्ट, पिंग. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. आपण हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, बस्स. पण हाक आधी मुंबईला मारू नका, आधी आपल्याच राउटरला मारा. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो नंबर दिसतो तो. तिथून उत्तर पाच मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. तेच कधी ३, कधी ९०, कधी गायब असं येत असेल तर समजा की दुखणं आपल्या कॉरिडॉरमध्येच आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही.

कॉरिडॉरमधली कारणं ठरलेली असतात. वाय-फाय म्हणजे वर्गासारखं आहे, एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. लांबच्या रूममधला मोबाईल हळू बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. मध्ये आरसीसीच्या भिंती आणि लोखंडी कपाटं. त्यात प्रत्येक रूममध्ये एकेक हॉटस्पॉट चालू. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर न येता चालतात, आणि इथे दहा जण बोलतात! राउटरजवळ असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. लॅपटॉप असेल तर सरळ केबल लावा. साध्या लॅन केबलचं काम कोणताही महागडा 'गेमिंग राउटर' करू शकत नाही.

तिसरी गोष्ट, ट्रेसरूट. आपलं पॅकेट कोणकोणत्या राउटरमधून जातं आणि प्रत्येक ठिकाणापर्यंत किती वेळ लागतो ते यात दिसतं. इथे मात्र सांभाळून. मध्येच एका ठिकाणी २०० दिसले किंवा चांदण्या आल्या की "सापडला चोर!" असं ओरडू नका. कितीतरी राउटर अशा हाकांना मुद्दाम उशिरा उत्तर देतात किंवा देतच नाहीत. वाढलेला आकडा तिथून पुढे शेवटपर्यंत टिकला, तरच तो खरा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, वेळ बदलून मोजा. उजनीचं पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, हे आपल्याला माहीत आहेच. तसंच पहाटे चारला गर्दी ओसरली की लाईनचा खरा पिंग दिसतो. पहाटे मुंबई २० आणि रात्री दहाला २००, असं असेल तर लाईन चांगली आहे, रांग वाईट आहे. पहाटेही २०० असेल तर मात्र लाईनमध्ये किंवा कंपनीच्या रस्त्यात दोष आहे, आणि तेव्हा तक्रार जरूर करा, आकडे हातात घेऊन करा.

आता ज्यांचं कनेक्शनच होत नाही त्यांच्यासाठी. आपल्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू केला आणि गावाकडचा मित्र जॉइनच होऊ शकत नाही, ही तक्रार नेहमीची. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडणारच नाही, पोर्ट कितीही उघडा! अशा वेळी बाहेर भाड्याने मिळणारा सर्व्हर घ्या किंवा कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा. आणि शेजारच्या रूममधली मैत्रीण सापडत नसेल तर वाय-फायवर एकमेकांचे डिव्हाइस दिसू नयेत अशी सेटिंग असू शकते. ती सुरक्षेसाठी असते, त्याबद्दल सिस्टिम अॅडमिनवर चिडू नका, शांतपणे बोला.

आता स्टाफला, विशेषतः रेक्टर मॅडमना, एक नम्र विनंती. गेम ब्लॉक करून रांग कमी होणार नाही. खेळत असताना बहुतेक गेम तासाभरात जेवढा डेटा वापरतात, तेवढा एचडी व्हिडिओ काही मिनिटांत खातो. गेमची पॅकेट छोटी असतात, त्यांना फक्त वेळेवर पोचायचं असतं. गेमचे अपडेट मात्र मोठे असतात, ते रात्री बारानंतरच करायचा नियम केलात तर मी पहिली सही करीन. आणि हा प्रश्न फक्त खेळाचा नाही. प्लेसमेंटच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत ज्या मुलीचा आवाज तुटतो, तिला समोरचे लोक 'हिला उत्तर येत नाही' असंच समजतात. तिथे खरंच अंगण वाकडं असतं आणि बोल नाचणारीला लागतो. गेमचं पॅकेट आणि तिच्या आवाजाचं पॅकेट एकाच रांगेत उभं असतं.

आणि आपल्या स्टुडंट्सना सांगते, वर्गणी काढण्याआधी राउटरमधली रांग सुधारून बघू. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली. पॅकेट रांगेत जास्त वेळ ताटकळू लागली की ती काही पॅकेट टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपोआप दमाने घेतो. तिचीच पुढची आवृत्ती प्रत्येकाची वेगळी रांग धरते आणि मोटरसायकलला ट्रॉल्यांच्या बाजूने वाट देते. ही सोय ओपनडब्ल्यूआरटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते चालणारा राउटर घ्यायचा आणि लाईनच्या स्पीडपेक्षा पाच-दहा टक्के कमी मर्यादा लावायची. स्पीड थोडा कमी होतो, पण दिरंगाई पुष्कळ कमी होते. लाईट गेल्यावर राउटर बंद पडू नये म्हणून एक छोटा यूपीएस. एवढ्यानेही भागलं नाही तर वर्गणी जरूर काढू, पण तेव्हा ती कशासाठी हे आपल्याला माहीत असेल.

माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक मजल्यावर एक वही ठेवायची. आठ दिवस, पहाटे, दुपारी आणि रात्री, राउटरचा पिंग आणि मुंबईचा पिंग लिहायचा. कॉम्प्युटरवाल्यांनी ग्राफ काढायचा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी वाय-फायचे चॅनल तपासायचे, सिव्हिलवाल्यांनी भिंती कुठे आडव्या येतात ते प्लॅनवर दाखवायचं. अंगण वाकडं आहे की नाही हे गवंडी डोळ्यांनी सांगत नाही, लेव्हल लावून सांगतो. आठ दिवसांनंतर ती वही घेऊन आपण ऑफिसमध्ये गेलो, तर आपलं ऐकून घ्यावंच लागेल. मात्र वहीतले आकडे चांगले निघाले आणि तरीही तुम्ही हरत असाल, तर मग… प्रॅक्टिस करा राव!

बघा, पटतंय का?