किड्याचे वर्तन आणि पेटीची परिस्थिती

मिलनाच्या वेळी मादी नराला खाते, एवढी एकच गोष्ट प्रार्थना कीटकाविषयी, म्हणजेच अनेकांच्या परिचयाच्या खंडोबाच्या किड्याविषयी, सर्वांना ठाऊक असते. हे कीटक महाविद्यालयीन प्रयोगशाळेत किंवा घरच्या पेटीत पाळणारेही पुष्कळदा ती या प्राण्याचा अटळ स्वभाव म्हणूनच सांगतात. ही समजूत जितकी किड्याच्या निरीक्षणातून आली, तितकीच त्याला ज्या परिस्थितीत ठेवले गेले तिच्यातून आली आहे. हा भेद लक्षात न घेता केलेल्या नोंदींना शास्त्रीय मोल येत नाही, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

केनेथ रोडर यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की नराच्या डोक्यातील अन्ननलिकेखालची गुच्छिका, म्हणजे मज्जापेशींची गाठ, मिलनाच्या हालचालींना आवर घालत असते, आणि डोके गेल्यावर हा आवर सुटून धड त्या हालचाली चालूच ठेवते. या शोधामुळे नराचे मरण हा मिलनाचा आवश्यक भाग मानला जाऊ लागला. मात्र १९८० च्या दशकात लिस्के आणि डेव्हिस यांनी चिनी प्रार्थना कीटकाच्या माद्यांना आधी पोटभर खाऊ घातले, निरीक्षकांना दूर ठेवून कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा नर खाल्ले गेले नाहीत. उलट दोघांच्याही प्रणयाराधनाच्या अनेक हालचाली प्रथमच नीट दिसल्या. पुढे लेलिटो आणि ब्राउन यांच्या २००६ च्या अभ्यासात असेही आढळले की मादी भुकेली असेल तर नर अधिक सावधपणे, अधिक वेळ घेऊन तिच्याकडे जातो. नरभक्षण खोटे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही; ते निसर्गातही घडते, आणि खाल्लेल्या नराच्या शरीरातील द्रव्य अंड्यांपर्यंत पोहोचते हे २०१६ मध्ये सिद्ध झाले आहे. तथापि लहानशा पेटीत उपाशी मादीसमोर नराला सोडले आणि त्याला मागून येण्यास किंवा उडून जाण्यास जागाच ठेवली नाही, तर जे घडते ते पाळणाऱ्याने घडवलेले असते. जोडी लावण्यापूर्वी काही दिवस मादीला भरपूर खाद्य द्यावे, पेटी प्रशस्त आणि फांद्यांची असावी, मिलन अनेक तास चालते हे ध्यानात घेऊन घाई करू नये आणि ते संपताच नराला वेगळे करावे.

कात टाकण्याच्या बाबतीत चुकीच्या अर्थाची किंमत त्याहून मोठी असते. कीटकाचे बाह्य कवच वाढत नसल्यामुळे पिल्लाला ते वेळोवेळी टाकावे लागते, आणि त्याआधी एक-दोन दिवस, मोठ्या पिल्लांत त्याहून अधिक काळ, ते खाणे सोडून छताला उलटे लटकून राहते. या उपवासाला आजार समजून पेटीत आणखी नाकतोडे किंवा रातकिडे सोडणे हा घातक उपाय होय, कारण कात टाकताना पूर्णपणे असहाय असलेल्या पिल्लाला रातकिडा सहज कुरतडतो. या काळात भक्ष्य काढून घ्यावे, पेटीला धक्का लागू देऊ नये आणि नवे कवच कडक होईपर्यंत किड्याला हात लावू नये. छत जाळीचे किंवा खरखरीत असावे, आणि त्याखाली शरीराच्या लांबीच्या किमान तिप्पट मोकळी उंची असावी, म्हणजे जुन्या कवचातून खाली सरकणारे शरीर तळाला टेकून वाकडे होणार नाही. हवा फार कोरडी असल्यास कात अडकते, म्हणून भिंतींवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. तेच थेंब किडा पितोही. फवारा मारूनही हवा कोंडलेली राहिली तर बुरशी येते, तेव्हा ओलाव्याइतकीच वायुवीजनाची काळजी घ्यावी. पिल्लाचा एखादा मधला किंवा मागचा पाय तुटला तर पुढील काती टाकताना तो क्रमाने पुन्हा येतो, त्यामुळे अशा पिल्लाला निकामी ठरवण्याचे कारण नाही.

किडा डावीउजवीकडे डुलतो, ते भीतीचे लक्षण आहे असे सरसकट मानले जाते. पुष्कळदा तो अंतर मोजत असतो, कारण डोके सरकवताना जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा अधिक सरकलेली दिसते. या भासमान सरकण्याला पराशय म्हणतात. झडप घालण्याच्या क्षणी मात्र दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतील फरकावरून अंतर कळते, हे सॅम्युअल रॉसेल यांनी १९८३ मध्ये लोलकांच्या साहाय्याने दाखवले, आणि न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद व सहकाऱ्यांनी किड्यांना मेणाने चिकटवलेले इवलेसे चष्मे लावून २०१८ मध्ये सिद्ध केले की ही त्रिमिती दृष्टी स्थिर आकृतीपेक्षा बदलणाऱ्या, हलणाऱ्या भागावर चालते. पाळणाऱ्यांना मृत किंवा निश्चल खाद्य किडा का ओळखत नाही, याचे उत्तर येथे मिळते. ते चिमट्याने हलवून द्यावे. डोळ्यांतील काळा ठिपका ही बाहुली नसून आभास असतो, आणि रात्री डोळे काळवंडतात तेही नैसर्गिक आहे.

सर्व जातींना एकच नियम लावणे चुकीचे ठरते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या हायरोड्यूला प्रजातीतील हिरवे, दणकट कीटक बऱ्याच चुका सोसतात. दक्षिण भारत व श्रीलंकेतील गाँगिलस गाँगिलोडिस, म्हणजे सडपातळ वक्षाचा व्हायोलिन मँटिस, याला मात्र कडक ऊब, कोरडी हवा आणि उडते भक्ष्य लागते. म्हणून प्रत्येक नोंदीत जात, कितवी कात, शेवटचे खाणे, तापमान आणि पेटीची मापे असावीत, आणि वर्तनाचा अर्थ त्यानंतरच लावावा. रानातून आणलेल्या ऊथीकेतून, म्हणजे फेसाळ स्रावापासून मादीने बनवलेल्या अंड्यांच्या वेष्टनातून, पोडॅग्रिऑन या परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडू शकतात, तेव्हा ती बारीक जाळीच्या वेगळ्या डब्यातच ठेवावी.

परदेशी जाती पाळणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते. न्यूझीलंडमध्ये दक्षिण आफ्रिकेतील मायोमँटिस काफ्रा स्थिरावली आहे, आणि तेथील स्थानिक जातीचे नर या परक्या माद्यांच्या गंधाने ओढले जाऊन खाल्ले जातात, हे २०१३ मध्ये नोंदवले गेले. स्थानिक पिल्ले वाढवून झाल्यावर ती जिथून आणली तिथेच सोडावीत. परदेशी जातीचे एकही पिल्लू बाहेर जाऊ देऊ नये आणि तिच्या नको असलेल्या ऊथीका कचऱ्यात टाकण्यापूर्वी शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात काही दिवस ठेवून निर्जीव कराव्यात.